नऊवारी लुगड्यात लेकरू बांधणे : कापड किती, ताण कसा, पाठीवर कधीपासून?

पऱ्हाटी (तालुका दारव्हा)

नमस्कार. मुलगी साडेचार महिन्यांची, वजन ६ किलो ३०० ग्रॅम. मान धरते, अजून बसत नाही. घरातली कामं करताना आणि बाजाराच्या दिवशी गावापासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर पायी जाताना तिला अंगाशी बांधून न्यायचं आहे. विकतचे विणलेले रॅप (लेकरू अंगाशी बांधायचं लांब कापड) फार महाग पडतात. घरात सासूबाईंचं जुनं सुती नऊवारी लुगडं आहे, मऊ झालेलं, काठ तीन बोटं रुंद. एक पॉलिस्टरची सहावारी आहे आणि एक सोलापुरी चादर. यातलं कोणतं चालेल, किती कापायचं, पुढे बांधायचं की कडेवर, आणि पाठीवर कधीपासून घेता येईल? सासूबाई म्हणतात पाय फाकवून बांधलं तर लेकराचे पाय फेंगडे होतात. त्याचंही कोणी नीट सांगावं.

---

हातमाग_उमरेड

ताई, पॉलिस्टरची साडी आधी बाजूला काढा. तिची गाठ एकदम सुटत नाही, हळूहळू सरकते. कापडावर कापड घासून धरून राहायला हवं, ते गुळगुळीत धाग्यात होत नाही, आणि अर्ध्या तासात लेकरू चार बोटं खाली आलेलं असतं. घाम शोषत नाही, हे वेगळंच. सोलापुरी चादर लांबीला पुरत नाही, जाडही फार. तिची गाठ मुठीएवढी होते आणि पाठीच्या कण्यावर रुतते.

लुगडं उत्तम. पण कापण्याआधी तपासा. दारात उजेडासमोर धरून इंचाइंचाने बघा. लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. निऱ्या खोचतात ती जागा, काष्ट्याचा पट्टा आणि बसण्याचा भाग आधी विरतो. कापडातून बोटाची रेघ स्पष्ट दिसली, तर तो भाग वजनाखाली येता कामा नये. मग दोन मुठींत वीतभर कापड धरून आधी उभं, मग आडवं जोरात ताणा. चर्र आवाज आला, किंवा धागे सरकून जाळी दिसली, तर ते लुगडं गोधडीत घाला, लेकरासाठी नको. शेवटची परीक्षा म्हणजे दहा किलो ज्वारीची पिशवी कापडात ठेवून दोघांनी दोन टोकं धरायची आणि गादीवर चार-सहा झटके द्यायचे.

नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. त्यात ४.६ मीटरचा एक आणि ३.६ मीटरचा एक असे दोन तुकडे बसतात. मोठा तुकडा पुढे बांधायला, छोटा नंतर कडेवर किंवा पाठीवर घ्यायला. तुम्ही अंगाने बारीक असाल तर ४.२ मीटरही पुरतं. पदराकडचा भाग टोकाला जाऊ द्या, लेकराच्या पाठीवर नको, तिथे वीण वेगळी असल्याने ताण सारखा बसत नाही.

रुंदी ७० ते ७५ सेंटिमीटर ठेवा. लुगड्याचा पन्हा एक मीटरच्या वर असतो. तेवढं सगळं ठेवलं तर वरचा चोळामोळा लेकराच्या नाकातोंडाशी येतो. तीन बोटं काठही काढून टाका. काठाची वीण घट्ट, मधल्या कापडाची सैल, त्यामुळे ओढताना काठ आधी ताणला जातो आणि मधलं कापड ढिलंच राहतं. कडा दोनदा दुमडून बारीक शिवा. आता एक काम आवर्जून करा: वरची कड लाल दोऱ्याने शिवा, खालची निळ्या दोऱ्याने, आणि बरोबर मध्यावर दोन्ही कडांना ठळक टाका घाला. कापडाला पीळ पडला तर रंगावरून लगेच कळतं. टोकं सरळ न ठेवता तिरकी कापली की गाठ लहान येते.

महागड्या रॅपमध्ये आणि लुगड्यात फरक विणीचा आहे. ते बहुतेक तिरकस विणीचे असतात, जीनच्या कापडासारखे. तिरकं ओढलं की थोडं येतं आणि अंगाच्या गोलाईवर बसतं. लुगडं म्हणजे साधी वीण, एक ताणा एक बाणा, तिरकं फारसं येत नाही. म्हणून लुगड्यात ताण हाताने, पट्ट्यापट्ट्याने द्यावा लागतो. आळस केला तर ढिलं राहणारच.

जाडीचा अंदाज वाण्याच्या काट्यावर येतो. ४.६ मीटर लांब, ७० सेंटिमीटर रुंद तुकड्याचं वजन ६०० ते ८०० ग्रॅम असेल तर कापड छान. ४०० ग्रॅमच्या आत असेल तर ते फक्त तीन पदर (थर) येतील अशाच बांधणीत वापरा, एका पदरावर नको. नवीन घ्यायचं झालं तर जाड खादी घ्या, एक पन्हा पुरतो. आटते म्हणून पाच मीटर घ्या, आणि दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढल्यावरच मापाने कापा.

---

गाठपक्की

कापडाचं वर आलं आहे. बांधणी सांगतो. साडेचार महिन्यांना पुढची, छातीला छाती लावून, हीच. पहिले चार-पाच दिवस लेकराच्या जागी पाच किलो ज्वारीची पिशवी बांधून सराव करा, नंतर खाटेच्या काठाशी उभं राहून लेकरू घ्या. बाजूला एक माणूस असू द्या.

मध्याचा टाका छातीच्या मधोमध ठेवा, लाल कड वर, निळी खाली. कापड काखेपासून कमरेपर्यंत पसरलेलं. दोन्ही टोकं काखेखालून मागे न्या. उजवीकडचं टोक डाव्या खांद्यावरून पुढे, डावीकडचं उजव्या खांद्यावरून. पाठीवर फुली पडली पाहिजे, आणि ती फुली पाठीच्या मध्यावर हवी. मानेजवळ चढली तर संध्याकाळी मान अवघडते, हे ठरलेलंच. खांद्यावर कापड गळ्याशी गोळा करू नका, खांद्याच्या गोलाईवर पसरवा. समोरच्या आडव्या पट्ट्यात आणि छातीत तुमचा हात कोपरापर्यंत जाईल एवढीच जागा ठेवा. इथे जागा जास्त राहिली तर पुढे ती सगळी ओढत बसावं लागतं.

आता लेकरू ढेकर काढायला धरतो तसं खांद्यावर उंच घ्या. एक हात आडव्या पट्ट्याखालून वर घालून तिची पावलं धरा आणि तिला पट्ट्याच्या आत हळूच खाली सरकवा. पाय पट्ट्याखालून दोन बाजूंना बाहेर. तिचं डोकं एवढ्या उंचीवर हवं की मान किंचित वाकवली की टाळूची पापी घेता आली पाहिजे.

मग बैठक. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. निळी कड एका टोंगळ्यामागच्या (गुडघ्यामागच्या) खळगीपासून दुसऱ्या टोंगळ्यामागच्या खळगीपर्यंत न्या आणि तुमच्या पोटाच्या व तिच्या पोटाच्या मधून वर, तिच्या बेंबीपर्यंत खोचा. ढुंगण खाली बसलं पाहिजे, टोंगळे त्याच्यापेक्षा वर. समोरून बघणाऱ्याला इंग्रजी एम अक्षर दिसतं. पाय लोंबत असतील तर बैठक झालेली नाही.

आता ताण. एक टोक टोंगळ्यात दाबून धरा, दुसऱ्यावर काम करा. सगळं कापड एकदम ओढायचं नाही. चार बोटं कापड धरायचं, ओढायचं, मग पुढची चार बोटं. गळ्याकडची लाल कड ओढली की लेकराच्या मानेजवळची कड आवळते, दंडाकडची निळी कड ओढली की बैठक आवळते, मधला भाग ओढला की पाठ. मधला भागच बहुतेक जण विसरतात. वरखाली घट्ट आणि मधे पिशवी, अशी अवस्था होते, आणि लेकरू त्या पिशवीत गोळा होऊन बसतं. ओढताना दुसऱ्या हाताने तिचं वजन थोडं उचलून धरा, वजनाखाली अडकलेलं कापड येत नाही. तुमचे खांदेही खाली सोडलेले हवेत. बांधताना खांदे उचललेले असले तर नंतर ते खाली येतात आणि तेवढाच ढिलेपणा तयार होतो.

दुसरी बाजूही तशीच. मग दोन्ही टोकं तिच्या ढुंगणाखाली फुली करून एकेका मांडीखालून मागे न्या आणि कमरेवर गाठ मारा. आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ आडवी फिरते आणि सरकते. गाठीपुढे वीतभर तरी टोक उरलं पाहिजे. टोंगळ्याखाली लोंबत असेल तर कमरेला एक वेढा जास्त द्या.

तपासणी अशी: तिच्या पाठीवर हात ठेवून कमरेतून थोडं वाका. ती छातीपासून सुटली तर ताण कमी आहे, सोडून पुन्हा बांधा. गाठ कितीही आवळली तरी कापडातला ढिलेपणा जात नाही. वजन कापडाच्या ताणाने पेललं जातं, गाठ फक्त तो ताण जागेवर ठेवते.

---

नर्सबाई_अचलपूर

बांधणी बरोबर सांगितली आहे. मी श्वासाचं सांगते, कारण कापडात लेकरू दगावतं ते पडण्यापेक्षा गुदमरून. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये झोळीसारख्या स्लिंगबद्दल इशारा दिला होता. त्याआधीच्या २० वर्षांतले १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. कारणं दोन. कापड नाकातोंडावर येणं, आणि हनुवटी छातीला टेकणं. छोट्या बाळाची श्वासनळी मऊ असते, मान पुढे मुडपली की ती दबते. बाळ रडतही नाही, आवाज न करता गुदमरतं. म्हणून आडवं निजवून, पोटाशी झोळी करून चालणं टाळा. उभं, छातीला छाती, हेच सुरक्षित.

पाच गोष्टी दर वेळी बघायच्या. कापड घट्ट आहे. मान खाली केली की तिचा चेहरा पूर्ण दिसतो, त्यावर पदर नाही. टाळूची पापी घेता येते. हनुवटी आणि छातीत दोन बोटं जातात. पाठीला आधार आहे, हाताने हलकं दाबलं तर ती आतल्या आत मुडपत नाही. सुरुवातीला दर दहा-पंधरा मिनिटांनी बघा, झोप लागली की लगेच बघा. घोरल्यासारखा किंवा कण्हल्यासारखा आवाज आला तर आधी हनुवटी वर करा. ओठ निळसर वाटले किंवा अंग ढिलं पडलं तर बाळ तिथेच बाहेर काढा.

अंगावर पाजायचं असेल तर कापड सैल करून तिला खाली घ्यावं लागतं. पाजून झालं की पुन्हा वर घेऊन ताण द्या. पाजण्याच्या जागीच तिला झोपू देऊन कामाला लागणं, ही मोठी चूक. तिथे नाक अंगात दबतं.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. पाय फाकवून, मांड्यांना आधार देऊन बांधल्याने पाय फेंगडे होत नाहीत. लहान लेकरांचे पाय जन्मतः थोडे बाकदारच असतात आणि दोनेक वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात. उलट पाय सरळ ताणून, जुळवून घट्ट गुंडाळण्याने खुब्याच्या सांध्याला धोका होतो, कारण मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर ढकलला जातो. सासूबाईंना एवढंच सांगा की आपण कडेवर घेतो तेव्हा लेकरू असंच बसतं. ही तीच बैठक आहे, फक्त कापडाने धरलेली. पहिले सहा महिने तोंड बाहेरच्या बाजूला करून मात्र बांधू नका, त्यात पाय लोंबतात.

जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असलेल्या किंवा दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला उघड्या छातीला त्वचेशी त्वचा लावून ठेवायचं, ती कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती सुरू झाली आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास ती द्यायला सांगते. ती दवाखान्यातून शिकून घ्यावी. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, तेव्हा त्यांच्यासमोर बांधून दाखवा.

दोन छोट्या गोष्टी. तेल लावून मालीश केल्यावर लगेच बांधू नका, अंग निसटतं. आणि लेकराच्या गळ्यातला काळा दोरा, ताईत काढून ठेवा. कमरेचा करगोटा कापडाखाली रुतत नाही ना, ते बघा. तुमचं मंगळसूत्र पाठीकडे टाका, नाहीतर मण्यांचे वळ तिच्या गालावर उठतात.

---

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. लुगडं तपासलं, काष्ट्याचा पट्टा विरला होता. तेवढा सोडून ४.४ मीटरचा तुकडा निघाला, वजन ४३० ग्रॅम. आता अडचणी. वीस मिनिटांनी ती खाली येते. पाय ताठ केले की बैठकीतून कापड निघून जातं. सोडल्यावर मांडीवर लाल वळ दिसतात, आणि एकदा पावलं जांभळट वाटली. आणि उन्हाळ्याचं काय करायचं?

---

गाठपक्की

खाली येणं म्हणजे पाठीचा मधला भाग ढिला आहे. ४३० ग्रॅमचं कापड पातळ, त्यामुळे ताण आणखी बारीक पट्ट्यांनी, दोन-दोन बोटांनी द्या. दुसरा उपाय: खांद्यावरून आलेले दोन्ही पट्टे ढुंगणाखाली नुसते पिळून न नेता तिच्या पाठीवर फुलीत पसरवा, एका टोंगळ्यापासून दुसऱ्यापर्यंत. मग पाठीवर तीन पदर येतात आणि पातळ कापडही धरतं. तिला नायलॉनचा गुळगुळीत फ्रॉक असेल तर तो काढून सुती झबलं घाला. कापड सरकण्याचं अर्धं कारण अनेकदा तेच असतं.

पाय ताठ करून बैठक मोडते, कारण कापड पोटांच्या मधे पुरेसं वर गेलेलं नसतं. ढुंगणाच्या फक्त खाली असलं तर एका झटक्यात निघतं. दोन्ही टोंगळ्यांखाली अंगठे घालून ते वर आणि तुमच्याकडे दाबा, तिचं ढुंगण आपोआप खाली बसतं, तेव्हाच निळी कड वर खोचा. पाय ताठ करणारं लेकरू उभ्या अंगाने बांधताना रडतं. दोन पावलं चालत, झुलत बांधलं तर पाय सोडतं.

वळ दहा-पंधरा मिनिटांत गेले तर काळजी नाही, मोज्याच्या वळासारखे. पावलं जांभळट दिसणं म्हणजे कड गोळा होऊन खळगीत दोरीसारखी रुतते आहे. बोट घालून ती कड उलगडा, पसरवा. पावलं गार आणि जांभळी राहिली तर सोडून पुन्हा बांधा. पायघोळ पायजमा घातला असेल तर त्याचा पायही वर ओढून सैल करा, टोंगळ्यात तोच आवळतो.

झोपल्यावर मान एका बाजूला पडत असेल तर घडी केलेला लंगोट लाल कडेत गुंडाळून मानेमागे गादीसारखा करा. डोक्यावर कापड ओढून झाकायचं नाही.

---

नर्सबाई_अचलपूर

उन्हाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्यात तुमच्या अंगाची ऊब, तिच्या अंगाची ऊब, आणि वर तीन पदर. कापड हाच एक कपडा समजा, आत फक्त लंगोट आणि पातळ झबलं. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बांधून बाहेर पडूच नका, फाट्यापर्यंतसुद्धा नाही. घरातही वीस मिनिटांच्या वर नको. हातपाय गार-गरम बघून काही कळत नाही, मानेमागे हात लावा. तिथे चटका लागतो, चेहरा लाल आहे, बाळ सुस्त आहे किंवा नेहमीपेक्षा कमी ओली करते, तर लगेच सोडा, सावलीत न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि अंगावर पाजा. सुस्ती गेली नाही तर वाट न बघता दवाखाना. सहा महिन्यांच्या आत पाणी, साखरपाणी काही नाही, फक्त दूध, नेहमीपेक्षा जास्त वेळा. ऊन लागू नये म्हणून ओला पदर तोंडावर टाकतात ते कधीही करू नका. ओल्या कापडातून हवा नीट जात नाही.

थंडीत उलटं करा. स्वेटर कापडाच्या आत नको, आधी बांधा आणि मग दोघांवर शाल घ्या. जाड स्वेटर आत असला की तो दबल्यावर ढिलेपणा येतो.

---

धुऱ्यावरची_बाभूळ (पांढरकवडा)

वरतं सगळं बराबर सांगतलं लोकायनं. मी वावरातलं सांगतो, ते कोनी सांगत नाही.

कापूस वेचताना लेकराले बांधू नका. पुढं बांधलं त वट्टी (वेचलेला कापूस ठेवाची झोळी) कुठं बांधाव? मांगं बांधलं त तुमी वाकल्यावर लेकरू डोक्याकडं सरकते, एका बाजूनं कलते. आन वाळल्या बोंडाचे काटे नेमके त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतात. बांधाचं ते वावरात जाण्यायेण्यापुरतं. वावरात लेकरू धुऱ्यावर (वावराच्या बांधावर), लिंबाच्या सावलीत, झोळीत, आन जवळ एक मानूस. झोळीच्या वरच्या तोंडात हातभर बांबूची दांडी आडवी घाला, म्हंजे कापड मिटत नाही, तोंड उघडं राह्यते. झोळी जमिनीपासून दीड फुटाच्या वर टांगू नका, खाली मुंग्याचं वारूळ पाहून घ्या.

फवारनी ज्या वावरात झाली तिथं लेकरू न्याचंच नाही. २०१७ मंधी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या विषानं मानसं मेली, हे सगळ्याले मालूम हाय. औषध कपड्याले लागते आन कपड्यातून आंगाले. फवारनीच्या कपड्यासंग हे कापड भिजवाचं नाही, एका दोरीवर वाळवाचंबी नाही. फवारनी करनाऱ्यानं आंघोळ करून कपडे बदलल्याबिगर लेकरू छातीशी घ्याचं नाही.

कडबाकुट्टी, चक्की, मोटारीचा पट्टा यायच्याजवळ बांधलेल्या लेकरासंग उभं राह्याचं नाही. टोक एकदा पट्ट्यात गेलं त सोडाले सवड भेटत नाही. चुलीवरचा सयपाक नाही, हिरीवर पानी शेंदनं नाही. मोटारसायकलवर त मुळीच नाही. २०२२ च्या केंद्राच्या नियमात चार वर्षाखालच्या लेकराले सेफ्टी हार्नेस (गाडी चालवनाऱ्याले जोडाचा पट्टा), नऊ महिन्याच्या वर हेलमेट आन गाडीचा वेग ४० च्या आत सांगतला हाय. लुगडं म्हंजे हार्नेस नोहे. पडल्यावर तुमचं सगळं वजन लेकरावर येते.

---

मेळघाट_वाट

हातमाग_उमरेड यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. पूर्ण पन्हा कापायची घाई नको. साडेचार महिन्यांना ७५ सेंटिमीटर बरोबर आहे, पण तेच लेकरू दीड-दोन वर्षांचं झालं की त्याची पाठ लांब होते, आणि अरुंद कापड खांद्यांच्या खालीच संपतं. मग ते मागे रेलून सगळं सोडवतं. छोटा, ३.६ मीटरचा तुकडा पूर्ण पन्ह्याचाच ठेवा. आत्ता वापरायचा असेल तर लांबीत दुमडून ७० करा, शिवू नका.

आणि कडेवरची बांधणी कोणी सांगितली नाही. इकडे कोरकू बाया लेकरू कडेवर घेऊन खांद्यावर गाठ मारतात, पुढून हात मोकळा राहतो. मान पक्की झाली की, म्हणजे साधारण चार-पाच महिन्यांनंतर, हे जमतं. कापड एका खांद्यावरून तिरकं, पसरून, लेकराची बैठक वर सांगितली तशीच, टोंगळ्यापासून टोंगळ्यापर्यंत. वजन एकाच खांद्यावर येतं म्हणून अर्ध्या तासाने बाजू बदला. गाठ खांद्याच्या हाडावर नको, थोडी पुढे, गळपट्टीच्या हाडाखाली. पातळ लुगड्याचा एकच पदर असेल तर कडेवर घेतल्यावर एक हात लेकराच्या पाठीवर ठेवायचाच.

---

हातमाग_उमरेड

मेळघाट_वाट यांचं बरोबर आहे. छोटा तुकडा न कापता ठेवावा.

---

पऱ्हाटी

पुढची बांधणी आता जमते आहे, पाठीवर फुली पसरवल्यावर ती सरकणं थांबलं. पाठीवरचं राहिलं.

---

गाठपक्की

पाठीवर घ्यायचं ते ती बसायला लागल्यावर. आधाराशिवाय, हात न टेकता दोन मिनिटं बसली की पाठीचा कणा तिला धरतो, बहुतेक सहा-सात महिन्यांना. त्याआधी नको, कारण मागे तिची हनुवटी तुम्हाला दिसत नाही.

खाटेवर गादी टाका आणि खाटेच्या काठावर बसून बांधा. कापडाचा मध्य तिच्या पाठीवर, लाल कड खांद्यांवर, निळी टोंगळ्यांच्या खाली. तिला कापडासकट कडेवर घ्या, एक टोक खांद्यावरून, दुसरं विरुद्ध काखेखालून, दोन्ही टोकं छातीवर एका मुठीत घट्ट. आता कमरेतून वाकून पाठ मेजासारखी सपाट करा आणि तिला कडेवरून पाठीवर सरकवा. मूठ सुटू द्यायची नाही. काखेखालचं टोकही खांद्यावर घ्या. वाकलेलं असतानाच निळी कड तुमच्या पाठीच्या आणि तिच्या पोटाच्या मधे खोचा. थोडं उठा, एक टोक टोंगळ्यात धरून दुसऱ्याला पट्ट्यापट्ट्याने ताण, मग बाजू बदला. दोन्ही टोकं काखेखालून मागे, तिच्या मांड्यांवरून, ढुंगणाखाली फुली, दुसऱ्या मांडीखालून पुढे, आणि पोटावर तीच दुहेरी गाठ. सिझेरियनचा टाका असेल तर गाठ त्याच्या बरीच वर, आणि डॉक्टरांना विचारून.

तिची हनुवटी तुमच्या खांद्याच्या उंचीवर हवी, म्हणजे ती खांद्यावरून पुढे बघते. तिचं नाक तुमच्या पाठीत असेल तर खाली बांधलं आहे. भिंतीवर छोटा आरसा लावा किंवा मोबाइलचा पुढचा कॅमेरा खांद्यावरून धरा, चेहरा दिसतो. पट्टे खांद्यावरून बाहेर घसरत असतील तर रुमालाने दोन्ही पट्टे छातीवर एकत्र बांधा.

काढताना उलट क्रम, आणि आधी खाटेवर बसायचं, मग गाठ सोडायची. पाठीवरून काढताना लेकरू पडू शकतं, कारण एक टोक सुटल्यावर दुसऱ्या हाताने ढुंगण धरलेलं नसतं.

---

हातमाग_उमरेड

धुण्याचं राहिलं. साधा साबण, हाताने, ब्लीच नको, पीळ न घालता झटकून सावलीत वाळवा. कडक उन्हात रोज वाळलं की सुती धागा लवकर ठिसूळ होतो. महिन्यातून एकदा पुन्हा उजेडासमोर धरा, विशेषतः मध्याचा टाका आणि गाठ पडते त्या जागा. एखादा धागा ओढला गेला असेल तर तो कापू नका, सुईने मागे ओढून घ्या. कापला तर तिथून फट वाढते. बोटाचं पेर जाईल एवढं भोक दिसलं तर रफू करून पुन्हा वापरायचं नाही, तो तुकडा लंगोटांना द्या.